घटना नोव्हेंबरात मंजूर, मग प्रजासत्ताक जानेवारीत का?

प्रश्न : दरवर्षी २६ जानेवारीला आम्ही शिवाजी पार्कवरचे संचलन पाहायला जातो. यंदा माझ्या आठवीतल्या नातीने विचारले, की घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच मंजूर झाली होती, तर ती लागू करायला दोन महिने का घेतले? मला उत्तर देता आले नाही.
– एक वाचक, दादर

उत्तर : आपल्या नातीचा प्रश्न नेमका आहे. नागरिकत्व, निवडणुका, हंगामी संसद यांविषयीची काही कलमे २६ नोव्हेंबरलाच लागू झाली होती. उरलेल्या घटनेसाठी मात्र २६ जानेवारी ही तारीख मुद्दाम राखून ठेवण्यात आली आणि तिचे कारण वीस वर्षे मागे, लाहोरला सापडते.

१९२८ साली काँग्रेसने वसाहतीच्या स्वराज्यासाठी सरकारला एक वर्षाची मुदत दिली होती. ती व्यर्थ गेल्यावर डिसेंबर १९२९ मध्ये, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या लाहोर अधिवेशनात संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावीच्या काठी तिरंगा फडकवण्यात आला. पुढे २६ जानेवारी १९३०, रविवार, या दिवशी देशभर गावोगावच्या सभांतून लोकांनी स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली. तेव्हापासून १९४७ पर्यंत आपला ‘स्वातंत्र्यदिन’ होता तो हाच. आज हे आपण जवळजवळ विसरलो आहोत, याची खंत वाटते.

१५ ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटन यांनी ठरवली. जपानच्या शरणागतीचा तो दुसरा स्मरणदिन होता. शिवाय त्या दिवशी सत्ता आपल्या हाती आली तरी भारत ब्रिटिश राजमुकुटाखालचे अधिराज्यच राहिला. माउंटबॅटन आणि त्यांच्यानंतर राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरल होते. ते नाते २६ जानेवारी १९५० रोजी सकाळी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली आणि राजेंद्रप्रसादांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली, तेव्हा संपले. लोकांनी स्वतः निवडलेली, सतरा वर्षे तुरुंगवास आणि लाठीमार सोसत जपलेली तारीख घटनाकारांना वाया जाऊ द्यायची नव्हती, आणि माझ्या मते त्यांचा हा निर्णय अत्यंत योग्य होता.

नोव्हेंबरची तारीखही पुसली गेलेली नाही. नातीला तिच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली उद्देशिका शेवटपर्यंत वाचायला सांगा; अखेरच्या ओळींत ‘सव्वीस नोव्हेंबर, १९४९’ असेच लिहिलेले तिला दिसेल.