शब्दकोशातले शेजारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : इंग्रजी कोशात 'स्टेशनरी' दोनदा सापडतो. उच्चार एकच, अर्थ वेगळे. कोणते स्पेलिंग कुठले, हे पक्के कसे करावे?

उत्तर : शेवटच्या 'आर-वाय'आधी 'ए' असेल तर अर्थ 'जागचा न हलणारा'. तिथे 'ई' असेल तर कागद, पाकिटे, लेखनसाहित्य. घोकत बसण्यापेक्षा छापील कोशाचे ते पान उघडा. या दोघांच्या मधे 'स्टेशनर' बसलेला दिसेल, म्हणजे लेखनसाहित्य विकणारा. 'बेकर'ची 'बेकरी', तशी 'स्टेशनर'ची 'स्टेशनरी'. तो 'ई' या विक्रेत्याकडून आला आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्टेशनॅरिअस' म्हणजे फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडणारा, विशेषतः पुस्तकविक्रेता. म्हणजे न हलण्याचा अर्थ दोन्ही शब्दांच्या मुळाशी आहेच. गोंधळ होतो यात नवल नाही.

प्रश्न : 'इन्जीनियस' आणि 'इन्जेन्युअस' हे एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत का?

उत्तर : नाहीत. पहिल्यात 'एन'नंतर 'आय' येतो, अर्थ कल्पक. दुसऱ्यात तिथे 'यू'. अर्थ निष्कपट, भाबडा. एखाद्याच्या युक्तीला दाद देताना दुसरा वापरलात, तर कौतुकाऐवजी त्याच्या भोळेपणावर बोट ठेवल्यासारखे होते. पहिल्याचे मूळ 'उपजत बुद्धी' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. दुसऱ्याचे मूळ 'जन्माने स्वतंत्र, दास नसलेला' या अर्थाच्या शब्दात. जो कुणाचा मिंधा नाही तो मोकळेपणाने बोलतो. त्यातून मनमोकळा आणि पुढे भाबडा असा अर्थ सरकत गेला.

इथे मात्र शेजारी दगा देतो. मधल्या 'इन्जेन्युइटी'त 'यू' आहे, घडण दुसऱ्या शब्दाची आहे, पण आजचा अर्थ कल्पकता! पूर्वी त्याचा अर्थ मनमोकळेपणाही होत असे. आता भाबडेपणासाठी 'इन्जेन्युअसनेस' म्हणावे लागते. आणि 'डिसइन्जेन्युअस' म्हणजे 'कल्पक नसलेला' नव्हे. सरळपणाचा आव आणून खरे लपवणारा.

प्रश्न : संगणकाचा स्पेलिंग-तपासनीस 'डिस्क्रीट'ची चूक का पकडत नाही?

उत्तर : कारण दोन्ही स्पेलिंगे बरोबर आहेत. साधा तपासनीस शब्द यादीत आहे की नाही एवढेच पाहतो. वाक्यात तो शोभतो का, हे त्याच्या गावीही नसते. दोन 'ई' लागोपाठ आणि शेवटी 'टी' असेल तर अर्थ तारतम्याने वागणारा, गुप्तता राखणारा. 'टी' दोन 'ई'ंच्या मधे असेल तर अर्थ सुटा, पृथक; गणितात येतो तो हाच. मधल्या 'टी'ने दोन 'ई'ंना वेगळे केले आहे, ही खूण पुरते. दोघांचे लॅटिन मूळ एकच, 'वेगळे केलेले'. बरेवाईट वेगळे करू शकतो तो तारतम्याचा. अशा जोड्यांची स्वतःची छोटी यादी करा आणि मजकूर संपल्यावर 'शोधा' ही सोय वापरून एकेक शब्द तपासा. निव्वळ वाचून जाताना डोळा फसतो.

प्रश्न : वाळवंट आणि जेवणानंतरचा गोड पदार्थ, यांत 'एस' कुठे एक, कुठे दोन?

उत्तर : वाळवंटाला एक, गोडाला दोन. वाळवंटाच्या 'डेझर्ट'मध्ये आघात पहिल्या अवयवावर, गोडाच्या 'डिझर्ट'मध्ये दुसऱ्यावर. सोडून जाणे या अर्थाच्या क्रियापदाला 'एस' एक, पण उच्चार गोडासारखा. 'जस्ट डिझर्ट्स' म्हणजे करावे तसे भरावे. हा 'लायक असणे' या अर्थाच्या 'डिझर्व्ह'चा नातलग. त्यालाही एकच 'एस'. तिथे दोन लिहिले की शिक्षेऐवजी मिठाई वाढली जाते.