मोटरहोम घेऊन विदर्भातली जुनी युद्धस्थळं आठ दिवसांत पाहून होतील का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून मोटरहोम भाड्यानं घेणार, सोबत आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी, नोव्हेंबरअखेर निघणार. यादीत सीताबर्डी, बाळापूर, नरनाळा, गाविलगड, साखरखेर्डा आणि पांढरकवडा आहेत. किलोमीटरच्या हिशेबानं आठ दिवसांत सगळं बसेल. पण माझं ऐकाल तर त्यातली निम्म्याहून जास्त नावं खोडा.

साखरखेर्ड्याची लढाई १७२४ ची, निजाम आणि मुबारिझखानाची. सीताबर्डी १८१७ ची, पांढरकवडा १८१८ चं. कुठं अठरावं शतक, कुठं एकोणिसावं, आणि राजेही वेगळे. तिसऱ्या दिवशी मुलीला कोण कोणाशी लढलं हे सांगता येणार नाही, आणि खरं म्हणजे तुम्हालाही. शिवाय सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, लोकांसाठी तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट एवढाच उघडतो.

त्यापेक्षा एकच युद्ध धरा, १८०३ चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. त्याचा शेवटचा महिना सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पट्ट्यात घडला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ ला भोसल्यांशी देवगावचा तह, ३० ला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. अकोट, अंजनगाव, परतवाडा, चिखलदरा, बस एवढाच टापू. तुम्ही येताय तेही त्याच दिवसांत. मी अंजनगावकडचा. सेकंडहँड ट्रॅव्हलरमध्ये दोन पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून हा फेरा चारदा केलाय, दोनदा घरच्यांना घेऊन.

सुरुवात अडगावपासून करा. अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हारा भागात. अडगाव आणि सिरसोलीच्या मधल्या शिवारात शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बांधावर उभ्या एका म्हाताऱ्या काकाजींना विचारलं, लढाई कुठं झाली? ते म्हणाले, "हे तं तुरीचं वावर हाये भाऊ. पाह्याचं काय अथी?" पण पाहायचं तेच आहे. सपाट काळं रान, उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, आणि लपायला कुठंच जागा नाही. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ज्या तीन पलटणी दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत पाय रोवून लढल्या होत्या, त्या इथं मराठ्यांच्या तोफा सुरू होताच मागं पळाल्या. तो स्वतः जवळ होता, म्हणून त्या पुन्हा उभ्या राहिल्या. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच नंतर लिहून ठेवलंय. लढाई दुपार कलल्यावर लागली आणि पाठलाग चांदण्यात चालला. मराठ्यांच्या ३८ तोफा गेल्या. म्हणून इथं दुपारी चारनंतर जा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. सूर्य खाली जाताना त्या मैदानात माणूस किती लांबून दिसतो हे मुलीला दाखवा. हे पुस्तकातून कळत नाही.

गाडी मात्र डांबरी रस्त्यावरच ठेवा. दुसऱ्या फेरीत अवकाळी पावसाच्या दुसऱ्या दिवशी मी पांदणीत गाडी घातली. वीस पावलांत मागची चाकं निम्मी आत. काळी माती टायरला अशी चिकटते की चाक मातीचंच दिसतं. खुरप्यानं खरवडायला बसलो तर खुरपंच सुटेना. शेवटी ट्रॅक्टर आला, साखळी बांधली, दीड तास लागला. त्या दीड तासात माझ्या डोक्यात सारख्या तोफाच होत्या.

कारण पुढचा सगळा भाग तोफा ओढण्याचाच आहे. अडगावनंतर इंग्रज भोसल्यांच्या गाविलगडावर गेले. त्याला दक्षिणेकडून सरळ कडा. म्हणून इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सननं जड तोफा डोंगरातून वळसा घालून उत्तरेकडच्या लाबाडा गावापर्यंत नेल्या. ७ डिसेंबरला निघाले, १२ ला पोचले. रस्ताच नव्हता. सैनिक आधी वाट करत आणि मग त्या वाटेनं हातांनी तोफा ओढत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना पहिल्या गिअरमध्ये तुमच्या इंजिनाचा आवाज येईल, तेव्हा मुलीला ही गोष्ट सांगा. घाट दिवसाउजेडी चढा, उतरताना गिअर खालचाच ठेवा, नाहीतर भरलेल्या गाडीचे ब्रेक तापतात.

गाविलगडाला पूर्ण दिवस द्या. चिखलदऱ्यापासून अगदी जवळ आहे. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं, तरी आतला किल्ला वेगळा, मध्ये खोल दरी. आतलं दार उघडेना. तेव्हा ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून तट चढला आणि आतून दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसोबत दरवाजाशीच लढत पडला. त्या दगडी चौकटीत उभं राहून मला दरवेळी गप्प व्हायला होतं. आणि एवढं रक्त सांडून घेतलेला गड दोनच दिवसांनी देवगावच्या तहात भोसल्यांकडेच राहिला, नरनाळाही. त्यांच्या हातून कटक आणि बालासोर गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. आम्ही आज ज्या जमिनीवर कापूस वेचतो तिचा धनी त्या कागदावर बदलला, हे शाळेत आम्हाला कुणी कधी नीट सांगितलं नाही. गडावरच्या जुन्या तोफांवर मुलीला हात ठेवू द्या. आई-वडिलांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना दरवाजापर्यंतच न्या, आतली चाल बरीच आहे आणि वाट दगडगोट्यांची.

मुक्कामाचं सांगतो. मेळघाटच्या जंगलात रस्त्याकडेला गाडी लावून झोपायचं नाही. अस्वलं, बिबटे आहेत, आणि वनखात्याचे नियमही. चिखलदऱ्यात पर्यटन महामंडळाच्या किंवा एखाद्या हॉटेलच्या आवारात विचारून गाडी लावा. खाली गावात शाळेचं मैदान किंवा देवळाचं आवार, पण आधी सरपंचांना किंवा पोलीस पाटलांना भेटून. मला आजवर कुणी नाही म्हटलं नाही, उलट रात्री भाकरी-ठेचा आणून दिला. पाण्याची टाकी अकोट शहरात नाहीतर परतवाड्यात भरा. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं, चहासुद्धा फाटतो. गाडी भाड्याची आहे, तर आतले बदल आरसीवर चढलेत का ते निघण्याआधी बघून घ्या. घाटाखाली अडवलं तर म्हाताऱ्या माणसांना ताटकळत बसावं लागतं.

दोन दिवस उरले तर यादीतला नरनाळा ठेवा, शहानूरवरून. बाळापूर परतीच्या वाटेवर येतंच. तारखा ठरल्या की इथं लिहा, अडगावला वेचणीच्या दिवसांत गाडी कुणाच्या खळ्यावर लावता येईल ते मी विचारून ठेवतो.