वाचकांचे प्रश्न : रेन्सचा आवाज, रेन्सची उंची आणि हुकलेली चार ऑस्कर

मागच्या अंकात क्लॉड रेन्स (१८८९–१९६७) या इंग्रज चरित्र अभिनेत्याच्या हॉलिवूडमधल्या कारकिर्दीवर टिपण आले होते. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये रेन्स दिसतच नाही, मग त्याच्या जागी कुणीही चालला नसता का? आणि १९३३ साली संगणक नसताना माणूस गायब केला कसा? (बीड)

कुणीही चालला नसता. रेन्सचा चेहरा पडद्यावर येतो तो अगदी शेवटी, काही क्षणांपुरता. तोवर अदृश्य झालेल्या त्या शास्त्रज्ञाचा ताठा, त्याचे वाढत गेलेले वेड आणि मधूनच डोकावणारी भीती हे सगळे आवाजातूनच कळते. रेन्सचा हा पहिला बोलपट. त्याआधी १९२० मध्ये एका मूकपटात त्याने काम केले होते, बाकी सगळा अनुभव रंगभूमीचा. त्रेचाळिशी ओलांडल्यावर नट सिनेमात येतो आणि निव्वळ आवाजावर नाव कमावतो, असे उदाहरण विरळाच.

आता युक्ती. हवेत तरंगणाऱ्या वस्तू बारीक तारांवर हलवल्या आहेत, त्यात विशेष काही नाही. खरी अडचण अंगात कपडे आहेत पण डोके नाही अशा दृश्यांची होती. जॉन फुल्टन या करामतकाराने त्यासाठी चहूबाजूंनी काळ्या मखमलीने झाकलेल्या जागेत चित्रण केले. नटालाही डोक्यापासून हातमोज्यांपर्यंत काळी मखमल, आणि तिच्यावरून पात्राचे कपडे. काळ्यावर काळे उमटत नाही, त्यामुळे फिल्मवर येतात ते फक्त कपडे. त्या फिल्मवरून कपड्यांच्या आकाराचा साचा, म्हणजे मॅट, तयार करायचा. खोलीच्या वेगळ्या चित्रणात साच्याएवढी जागा कोरी राखायची आणि मग तिथे कपडे छापायचे.

यात बिघडण्यासारखे बरेच असते. मखमलीवर तिरपा उजेड पडला की ती चमकते. काळा हात छातीसमोरून गेला की शर्टाला भोक पडल्यासारखे दिसते, म्हणून हालचाली आधी घोटून घ्याव्या लागत. डोळ्यांसाठी ठेवलेली छिद्रेही फिल्मवर उमटत. हे सगळे डाग हजारो फ्रेमवर हाताने रंग लावून झाकले आहेत. इतके करूनही एक चूक राहिलीच: शेवटी नागडा अदृश्य माणूस बर्फातून पळतो तेव्हा ठसे उमटतात ते बुटांचे!

रेन्स लहानपणी बोबडा बोलत असे, असे तुम्ही लिहिले होते. मी राज्य नाट्य स्पर्धेत काम करतो. ‘प्रमाण भाषेच्या भूमिकेतही तुमची बोली डोकावते’ असे परीक्षक म्हणाले. रेन्सने काय केले आणि मी काय करावे? (परभणी)

रेन्स दक्षिण लंडनच्या गरीब वस्तीतला. बोली कॉकनी, त्यात ‘र’ म्हणता येत नसे, त्याचा ‘व’ होई. नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या म्हणून तो नाटकात शिरला, मग प्रॉम्प्टर झाला, मग रंगमंच व्यवस्थापक. हर्बर्ट बीरबोम ट्री या नट-निर्मात्याने त्याच्या उच्चारशिक्षणाचा खर्च उचलला. पुढे हाच रेन्स लंडनच्या रॉयल अकॅडमीत नाट्यशिक्षक झाला. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे पुढे नामवंत झालेले नट त्याचे विद्यार्थी.

तुमच्यासाठी पहिली गोष्ट: बोली काढून टाकू नका, तिच्या जोडीला दुसरे बोलणे तयार करा. मराठवाड्यातला माणूस रंगवायचा असेल तेव्हा हीच बोली तुमचे भांडवल आहे.

नाटकातली दहा-बारा वाक्ये घ्या, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी संहिता हातात धरून ऐका. त्याच दिवशी ऐकले तर कान आपल्याच बाजूने निकाल देतो. सहसा दोन ठिकाणी पेन्सिल थांबेल: ‘ण’चा ‘न’ झालेला असतो आणि वाक्याच्या शेवटचे क्रियापद गिळलेले असते. ‘ण’साठी जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावा आणि सोडा. आधी ‘आण’, मग ‘आणा’, मग ‘पाणी’, ‘कोण’. ते जमले की दोन्ही अक्षरे असलेले शब्द घ्या: नाणे, नणंद, अनुकरण, निमंत्रण. हे शब्द आधी सावकाश, मग बोलण्याच्या गतीने. रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण खंड नको.

घोटाळा होतो तो अतिरेकाने. ‘ण’ जिभेवर बसला की ‘मन’चाही ‘मण’ होऊ लागतो, आणि परीक्षकाला ते बोलीपेक्षा जास्त खटकते. शेवटच्या क्रियापदासाठी तीच वाक्ये कुजबुजत म्हणा. कुजबुजताना घशाचा जोर मिळत नाही, त्यामुळे व्यंजने स्पष्ट म्हणावीच लागतात. ‘कॅसाब्लांका’मध्ये रेन्सचा कॅप्टन रेनो ऐका. आवाज चढत नाही, तरी वाक्याचा शेवटचा शब्द कधी हरवत नाही. जुगार चालतो म्हणून धक्का बसल्याचे सांगत तो अड्डा बंद करतो आणि त्याच वेळी जिंकलेले पैसे त्याच्या हातात पडतात. हा विनोद रेन्सने जराही दामटलेला नाही.

‘नोटोरियस’मध्ये रेन्स इन्ग्रिड बर्गमनएवढाच उंच दिसतो. खरेच तसा होता का? (नांदेड)

नव्हता. रेन्स साधारण साडेपाच फुटांचा, बर्गमन त्याहून दोन-तीन इंचांनी उंच. दोघे जवळ उभे असले की दिग्दर्शक हिचकॉक रेन्सला खोक्यावर उभा करी. अडचण आली ती दोघे दुरून कॅमेऱ्याकडे चालत येतात त्या दृश्यात. तिथे लाकडी उतार केला: पुढे येता येता रेन्सच्या पायाखालची फळी हळूहळू चढत जाते आणि प्रेक्षकाला फक्त दोन सारखी डोकी दिसतात. पण कथेला त्याचे ठेंगणेपण उपयोगीच पडले आहे. उंच, देखण्या बायकोवर भाळलेला आणि आईच्या धाकात वावरणारा खलनायक तो सहज पटवतो. जाता जाता, आईचे काम करणारी लिओपोल्डिन कॉन्स्टान्टिन रेन्सपेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी होती.

चार नामांकने आणि एकही ऑस्कर नाही, हा अन्याय नाही का? (लातूर)

चारही नामांकने साहाय्यक अभिनेत्याची. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’च्या वेळी (१९३९) त्याच चित्रपटातला हॅरी केरी समोर उभा होता, जिंकला थॉमस मिचेल, ‘स्टेजकोच’साठी, आणि गंमत म्हणजे तोही ‘मिस्टर स्मिथ’मध्ये आहेच. ‘कॅसाब्लांका’च्या वेळी चार्ल्स कोबर्न, ‘मिस्टर स्केफिंग्टन’च्या वेळी बॅरी फिट्झजेराल्ड. १९४६ मध्ये ‘नोटोरियस’समोर हॅरोल्ड रसेल होता, युद्धकाळात दोन्ही हात गमावलेला खराखुरा सैनिक, त्या वर्षी दुसऱ्या कुणाला मत पडणे अवघडच होते. आमच्या मते ‘मिस्टर स्मिथ’चे बक्षीस रेन्सचे होते, बाकी तिन्ही वेळा वाद होऊ शकतो. रंगभूमीने मात्र १९५१ साली त्याला टोनी, म्हणजे अमेरिकी नाटकांचा मानाचा पुरस्कार, दिला.

हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतला एक इंग्रज म्हातारा पूर्वी इंग्लंडचा कर्णधार होता म्हणे. खरे का? (जालना)

खरे. सी. ऑब्रे स्मिथ. मार्च १८८९ मध्ये पोर्ट एलिझाबेथला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तो एकच कसोटी खेळला, तीही कर्णधार म्हणून, आणि पहिल्या डावात १९ धावांत ५ बळी घेतले. १९३२ मध्ये त्याने हॉलिवूड क्रिकेट क्लब काढला.

वाचनालयात रेन्सचे चित्रपट दाखवायचे आहेत. कोणते आणि कसे? (धाराशिव)

सुरुवात ‘द इन्व्हिजिबल मॅन’ने करा. सत्तर मिनिटांत संपतो, मुलेही बसतात. मग ‘कॅसाब्लांका’ आणि ‘नोटोरियस’, प्रत्येकी पावणेदोन तासांच्या आत. ‘मिस्टर स्मिथ’ सव्वादोन तासांचा आहे आणि त्यात अमेरिकी सिनेटचे नियम येतात, तेव्हा आधी पाच मिनिटे ते समजावून सांगा.

चित्राचा आकार मूळचाच ठेवा. हे चित्रपट जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते घालवायला ‘फुल’ किंवा ‘झूम’ लावले तर पहिल्यात चेहरे फुगतात आणि दुसऱ्यात कपाळ कापले जाते. टीव्हीचे ‘सराउंड’ बंद ठेवा. मूळ ध्वनी एकाच वाहिनीचा असल्याने तो फाटल्यासारखा ऐकू येतो आणि नेमका रेन्सचा आवाज गढूळ होतो. दुपारचा खेळ असेल तर खिडक्यांना जाड पडदे लावा, कारण कृष्णधवल चित्रातले सावल्यांचे बारकावे उजेडात आधी जातात. आणि घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क किंवा वर्गणी सार्वजनिक खेळाला चालत नाही. हक्कधारकांकडून परवानगी आधी मागवा, तिला वेळ लागतो.