मालवणातील खाणावळीचे नूतनीकरण: आधी ओल, मग सजावट

वडिलोपार्जित जांभ्याच्या कौलारू घराच्या पुढच्या भागात आपली ४० माणसांची खाणावळ चालते, आणि पीओपीचे सपाट छत, भिंतींना वॉलपेपर व चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी हा आराखडा स्वीकारावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यांपैकी एकही गोष्ट करू नये. तोच पैसा पायाखालची फरशी, प्रकाश आणि हात धुण्याची जागा यांवर घालावा.

सिंधुदुर्गात पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि खारी हवा तर बारमाही असते. जांभा सच्छिद्र असल्याने तो पाणी शोषतो व ऊन पडले की हळूहळू सोडतो. त्यावर वॉलपेपर किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते आणि गणपतीच्या सुमारास पोपडे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा व वर चुन्याचाच हात दिल्यास ओलीला बाहेर पडायला वाट राहते. कौलांखाली सपाट छत केले तर गरम हवा वर जाण्याची उंची जाते, गळती नेमकी कोठून होते ते कळत नाही, आणि दरवर्षी शाकारणीला माणूस वर चढला (वानर तर न बोलावता चढतात) की खालच्या पीओपीला तडे जाण्याची धास्ती राहते. वासे आणि रिपा स्वच्छ करून, तेलपाणी करून उघडेच ठेवावेत. फक्त गोंगाटाचा विचार करावा: ग्रॅनाइट, फरशी आणि स्टीलची ताटे यांमुळे भरल्या पंक्तीत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. लाकडाच्या किसाचे सिमेंटमध्ये दाबलेले बोर्ड वाशांच्या मधे बसवल्यास आवाज पुष्कळ शोषला जातो, आणि दमट हवेतही ते टिकतात.

हात धुण्याच्या जागेकडे आराखड्यात कोणी पाहिलेले दिसत नाही. कोठल्याही जुन्या खाणावळीत बेसिनवरचा आरसा निरखून पाहा: खालच्या कडेला पाणी साचून पारा काळा पडलेला असतो, स्क्रूंमधून तांबूस ओघळ उतरलेले असतात, आणि खाली माणसे घसरतात ती नेमकी याच ठिकाणी. बेसिन येण्याजाण्याच्या वाटेतून बाजूला घ्यावे, जमिनीला मोरीकडे उतार द्यावा, आरसा भिंतीपासून थोडा सुटा बसवावा, आणि नळ, बिजागऱ्या, स्क्रू यांसाठी ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील मागावे. त्यात मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या हवेत ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा अधिक तग धरते. पायताणांसाठी आणि निथळणाऱ्या छत्र्यांसाठी पडवीतच सोय ठेवली तर निम्मे पाणी आत येणारच नाही. पश्चिमेच्या झडीला पूर्वीसारखी चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) झापे आजही बांधता येतात. आत खरबरीत, अँटीस्किड फरशी घालावी.

टेबलांसाठी संगमरवर टाळावा, कारण सोलकढीतल्या कोकमाच्या आंबटपणाने त्याची चकाकी जाते. काळा ग्रॅनाइट उत्तम. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, बसण्याची ४५, माणशी रुंदी ६० आणि मधली वाट किमान ९० सेंटिमीटर ठेवल्यास वाढप्याला ताटे घेऊन आडवे फिरावे लागणार नाही. त्यासाठी चार-सहा खुर्च्या कमी कराव्या लागल्या तरी चालेल. कपाटांना आयएस ७१० चे (पाण्याला टिकणारे मरीन) प्लायवूड वापरून कडा बंद कराव्यात. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) एकाच पावसाळ्यात फुगते.

प्रकाश ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) निळसर पांढरा नको; त्यात तळलेली सुरमई फिकट आणि सोलकढी करडी दिसते. २७०० ते ३००० केल्विनचे (पिवळसर) व ९० च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) असलेले दिवे थेट टेबलांवर सोडावेत आणि बाकीच्या खोलीत प्रकाश मंदच ठेवावा.

पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, म्हणून सगळे काम तेव्हाच उरकण्याकडे कल असतो. नळकाम, फरशी, वायरिंग तेव्हा जरूर करावे. गिलावा, रंग आणि सुतारकाम मात्र दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर घ्यावे. नाताळच्या गर्दीआधी ते पूर्ण होऊ शकते, फक्त सुताराला श्रावणातच सांगून ठेवावे लागेल.