वाचक विचारतात : अंडं धुतलं की पिल्लू जंतुविरहित होतं का?

प्रश्न : मॅडम, मी ठाण्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संशोधनासाठी कोंबडीची जंतुविरहित पिल्लं वापरतात असं वर्गात शिकवलं. जांभळी नाक्यावरून गावरान अंडी आणून जंतुनाशकात बुडवली आणि घरगुती इन्क्युबेटरमध्ये उबवली, तर प्रोजेक्टसाठी अशी पिल्लं मिळतील का?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : नाही मिळणार. पण तुझ्या विचारात तथ्य आहे. निरोगी कोंबडीचं अंडं आतून बहुतेक वेळा जंतुविरहितच असतं. घाण लागते ती कवचाला, कारण अंडं आणि विष्ठा एकाच वाटेने बाहेर येतात. म्हणून कवच निर्जंतुक करून पिल्लू थेट निर्जंतुक पेटीत जन्माला घालता येतं. पोटातल्या जंतूंशिवाय प्राणी जगणं अशक्य, असं पाश्चर यांना वाटत होतं. पण मिशेल कोहांदी या संशोधकाने पॅरिसमध्ये १९१२ साली अशी पिल्लं वाढवून दाखवली.

खरी अडचण कोंबडीपासूनच सुरू होते. साल्मोनेलाचे काही प्रकार, मायकोप्लाझ्मा, ल्युकोसिसचा विषाणू हे आईकडून अंड्याच्या आतच उतरतात. तिथे बाहेरचं जंतुनाशक काय करणार? त्यामुळे प्रयोगशाळा एसपीएफ, म्हणजे ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त ठेवलेल्या कळपाची अंडी घेतात. हे कळप गाळलेल्या हवेत ठेवतात आणि त्यांचं रक्त वारंवार तपासतात. तरी तिथे हमी फक्त ठरावीक रोगजंतू नसल्याची असते, बाकीचे जंतू असतातच. कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लशीसाठी एवढं पुरतं, तुला हवं त्याला पुरत नाही. गावरान अंड्यामागच्या कोंबडीबद्दल तर आपल्याला काहीच माहीत नसतं. आणि पोल्ट्रीची पांढरी अंडी उबणारच नाहीत, तिथे कोंबडाच नसतो.

आता बुडवण्याबद्दल, कारण इथे भलेभले घसरतात. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. कोमट अंडं थंड द्रावणात टाकलं की आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. द्रावण नेहमी अंड्यापेक्षा गरम हवं. माझी सारी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या लशीच्या प्रयोगशाळेत गेली. जुलैमध्ये थंड खोलीतला ट्रे पॅसेजमध्ये आणला की बघता बघता अंड्यांना घाम फुटायचा. ओल्या कवचातून जंतू सहज आत शिरतात, म्हणून अंडी आधी कोरड्या खोलीत सामान्य तापमानाला आणायचो, मगच पुढचं काम. प्रत्येक अंडं दिव्यासमोर धरून फिरवायचं. केसाएवढी चीर दिसली तरी बाद.

अंडं एकवीस दिवसांत उबतं. पिल्लू फुटायच्या दोन-तीन दिवस आधी कवच पुन्हा निर्जंतुक करून अंडी आयसोलेटरमध्ये सोडतात. ही बंद पेटी असते. आत हेपा फिल्टरमधून (अतिसूक्ष्म कणही अडवणाऱ्या गाळणीतून) गाळलेली हवा, दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त, म्हणजे कुठे फट राहिली तरी हवा बाहेरच जाते. पेटी पेरॲसेटिक आम्लाने फवारून घेतात. त्याचा वास व्हिनेगरसारखा, पण डोळ्यांना झोंबणारा. मग हाताळणी सगळी भिंतीला जोडलेल्या जाड रबरी हातमोज्यांतून. आपल्या वाशीला मसाल्यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया करतात. पिल्लांचं खाद्यही त्याच किरणांनी, पण बऱ्याच मोठ्या मात्रेने निर्जंतुक करतात. त्यात के जीवनसत्त्व वरून घालावं लागतं, कारण ते बनवणारे आतड्यातले जंतूच या पिल्लांत नसतात. विष्ठा, पाणी, खाद्य यांचे नमुने ठरावीक काळाने हवेत आणि हवेविना वाढवून पाहतात. एका नमुन्यात वाढ दिसली की ती पेटी जंतुविरहित राहिली नाही.

एवढा खटाटोप मला मनापासून मोलाचा वाटतो. अँटिबायोटिक दिलं की कोंबडी भराभर वाढते, ते जंतूंवर परिणाम झाल्यामुळे की औषधाच्याच गुणामुळे? जंतुविरहित पिल्लांना ते देऊन पाहिलं तर वाढीत फरक पडला नाही. याचा अर्थ औषध आतड्यातल्या जंतूंवर काम करत होतं. खाद्यातल्या अँटिबायोटिकवरचा आजचा वाद समजून घ्यायचा तर हे माहीत हवं.

पिल्लांवर प्रयोग घरी करू नकोस. त्याला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि प्रोजेक्ट संपल्यावर त्या जिवांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. त्याऐवजी कवचाचाच अभ्यास कर. त्याला पोल्ट्रीची साधी अंडी चालतील. काही अंडी कोमट करून फ्रिजमधल्या थंड, खायचा निळा रंग घातलेल्या पाण्यात ठेव; काही फ्रिजमधली अंडी तशाच पण कोमट पाण्यात. काहींचं कवच आधी बारीक सँडपेपरने घास. मग फोडून, आतून धुऊन, कवचाच्या आतल्या बाजूचे निळे ठिपके भिंगाखाली मोज. प्रत्येक गटात निदान दहा अंडी घे, आणि पाण्याचं तापमान थर्मामीटरने मोजून वहीत लिही, अंदाजाने नको.