मोठी जलवाहिनी आली की रोज पाणी?

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहते. आमच्याकडे चार दिवसांआड पाणी येतं, तेही कधी पहाटे, कधी रात्री. उजनीची समांतर जलवाहिनी सुरू झाली की रोज नळ येईल, असं सगळे म्हणतात. आशियात दुसऱ्या शहरांनी हे कसं जमवलं? – एक वाचक

उत्तर : ताई, जलवाहिनी हवीच. उजनीतून भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत येताना वाळूत मुरतं, उन्हानं उडतं. त्यापेक्षा बंद पाइपातून आणलेलं केव्हाही बरं. पण ती पाणी शहराच्या टाकीपर्यंत आणते. पुढचं गल्लीत ठरतं.

कंबोडियाच्या नॉम पेन्हचं उदाहरण घ्या. युद्धानं मोडलेलं शहर. 1993 मध्ये तिथल्या 100 लिटरपैकी सुमारे 72 लिटरचा पैसाच येत नव्हता. काही गळायचं, काही चोरीला जायचं. त्या वर्षी ‘एक सॉन चान’ नावाचे अभियंते पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. जुने पाइप बदलले, प्रत्येक जोडणीला मीटर बसवलं, चोरून घेतलेल्या जोडण्या तोडल्या. बड्यांनाही बिल भरायला लावलं. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की गरिबांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली. पंधराएक वर्षांत तो तोटा दहा टक्क्यांच्याही खाली आला आणि नळाला चोवीस तास पाणी राहू लागलं. चान यांना 2006 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या देशातही ओडिशातल्या पुरीत 2021 पासून नळाचं पाणी थेट पिता येतं.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. लोखंडी गज पाइपावर टेकवायचा, दुसरं टोक कानाला. गळती असली की बारीक सूंऽऽ ऐकू येतं. पण पाइपात दाब असेल तरच! चार दिवसांतले दोन-तीन तास पाणी सुटणार, तेवढ्यात किती गल्ल्या ऐकणार? बाकीचा वेळ पाइप रिकामा, आणि शेजारच्या गटारीचं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. पहिलं गढूळ पाणी येतं ते बहुधा यामुळेच.

शिवाय नवा नळ आला की आपण पिंपातलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओततो. ते शिळं होत नाही हो, झाकून ठेवलं तर! पण नळाचा भरवसा नाही तोवर मी कुणाला दोष देणार नाही.

तेव्हा वॉर्डाच्या बैठकीत जलवाहिनी कधी, एवढंच विचारू नका. टाकीतून किती पाणी सुटलं आणि आमच्या गल्लीत किती पोचलं, हे मोजणारं मीटर कुठं बसवलंय तेही विचारा.