घरोघरच्या आगगाड्या

छंदांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी चौसष्ट वर्षांचा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगी सॅन दिएगोला असते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. त्याच सुमारास तिच्या घरापासून दोन तासांवर छोट्या आगगाड्यांच्या छंदिष्टांचं तीन दिवसांचं संमेलन आहे. त्यात लोकांच्या घरी जाऊन त्यांचे लेआउट, म्हणजे रूळ-डोंगरांसकट मांडलेल्या आगगाड्या, पाहता येतात म्हणे. माझ्याकडे आजवर एक डबासुद्धा नाही, हौस मात्र शाळेपासूनची. अनोळखी माणसाच्या घरात असं शिरायचं कसं? तिथून काय आणावं? मनात डेक्कन क्वीन करायची आहे, दहा बाय बाराची एक खोली मोकळी आहे. सौ. म्हणते, ‘या वयात खेळणी?’
— एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : सौ.च्या प्रश्नाला हात घालत नाही. आमच्या घरी तो एकतीस वर्षं पडून आहे.

अनोळखी घरात शिरायचं कसं, हे पुण्याच्या माणसानं विचारावं? गणपतीत आपण काय करतो? ओळखीच्याच्या ओळखीच्यांकडे ‘आरास बघायला आलो’ म्हणून जातो, मखर न्याहाळतो, खिरापत तोंडात टाकतो आणि जिना उतरताना ‘गेल्या वर्षीचं बरं होतं’ म्हणतो. तिकडे हेच करायचं. फक्त शेवटचं वाक्य मोटारीत बसेपर्यंत आवरायचं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये लाँग बीचला नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचं संमेलन होतं. मुलाकडे गेलो होतो, तेवढ्यात साधून घेतलं. ही संस्था १९३५ सालची, मिलवॉकीत स्थापन झालेली. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर धावतो, कारण चाकाची कडा केवढी, रुळांत अंतर किती, याची मापं तिनं ठरवून दिली. संमेलनात भाषणं असतात, विक्रीची टेबलं असतात, पण खरी चैन घरं पाहण्याची. कुठलं घर, कुठलं स्केल (म्हणजे गाडी खऱ्याच्या किती पट लहान), कधी उघडं, हे आधी कळतं. पायऱ्या किती आणि टेबलाखालून वाकून जावं लागतं का, हेही विचारून घ्या. तुमचे गुडघे कसे आहेत ते पत्रात नाही. माझे बरे आहेत असं मी समजत होतो.

मी पहिल्या दिवशी नऊ घरांची यादी केली. झाली चार, कारण लॉस एंजेलिसच्या आसपासची ‘जवळच आहे’ ही कल्पना आणि आपली सारखी नाही. शिवाय तिसऱ्या घरानंतर सगळं कालवलं गेलं. त्या रात्री वही उघडली तर यार्ड एका घरचं आणि पूल दुसऱ्याच घरचा. दिवसाला तीन घरं पुरेत. कॅलिफोर्नियात घरांना तळघर क्वचित असतं, त्यामुळे बरेचसे लेआउट मोटारीच्या गराजमध्ये दिसतील आणि मोटार बाहेर उन्हात. यजमानांच्या सौं.चा चेहरा पाहून मला घरच्यासारखं वाटलं.

आत जाताना पाठपिशवी बाहेर ठेवा. वळताना तिच्या एका फटक्यात कुणाची दोन वर्षांची झाडं जातील. हात मागे बांधा. फोटो विचारून काढा. बाकरवडी नेलीत तर दारातच द्या. तेलकट बोट रुळाला लागलं की चाकाला करंट नीट मिळत नाही आणि इंजिन तिथेच अडखळतं.

मी टेलिफोन खात्यातला. सगळे डोंगर, बोगदे बघत होते तेव्हा मी परवानगी घेऊन टेबलाखाली डोकं घालत होतो. वर निसर्ग कितीही देखणा असो, खाली वायरींचा गुंता असेल तर त्या गाडीचं काही खरं नाही. एका घरी दर तीन फुटांवर रुळाला स्वतंत्र तार डाग देऊन खाली उतरवली होती आणि प्रत्येक तारेला चिठ्ठी होती. करंटसाठी नुसतं रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबलं की वर्षा-दोन वर्षांत त्या काळवंडतात आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते. त्या गृहस्थांशी मी पाऊण तास बोललो. त्यांना मराठी येत नव्हती, माझं इंग्रजी सरकारी. अडलं काही नाही.

यजमानाला एक प्रश्न जरूर विचारा : ‘याच्या आधीचा लेआउट का मोडलात?’ केवढा खर्च आला हे विचारू नका, हे विचारा. माणूस खुलतो. एकानं सांगितलं, भिंतीला टेकवून भला मोठा डोंगर केला, त्याच्या पोटातल्या बोगद्यात गाडी घसरली आणि हात पोचेना. तीस इंचांपलीकडे माणसाचा हात धड काम करत नाही. शेवटी करवतीनं डोंगर कापला. दुसऱ्यानं खोलीभर रूळ टाकले होते आणि उभं राहायला जागा ठेवली नव्हती. तुमच्याकडे अजून एक डबासुद्धा नाही ही चांगली गोष्ट आहे. या चुका तुम्हाला फुकट बघायला मिळणार आहेत.

सॅन दिएगोतच आहात तर बल्बोआ पार्कमधलं मॉडेल रेलरोड म्युझियम चुकवू नका. ला मेसा क्लबनं तिथे कॅलिफोर्नियातली तेहाचापी खिंड उभी केली आहे, एचओ स्केलमध्ये, म्हणजे गाड्या खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या. खरी तेहाचापीची वेटोळी वाट १८७६ची. तिथे रूळ स्वतःवरूनच फिरून जातो आणि एका वेटोळ्यात ७७ फूट चढतो. मालगाडी पुरेशी लांब असेल तर इंजिन वरून जात असतं आणि तिचेच मागचे डबे खालून. चढाला जादा इंजिनं लावतात, त्यांना तिकडे हेल्पर म्हणतात. मी शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना म्हटलं, आम्ही त्यांना बँकर म्हणतो, आमच्या भोर घाटाचा चढ सदतीसाला एक आहे. त्यांनी मनात भागाकार केला. पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे त्यांच्या घाटापेक्षा खडा. त्यांनी मला खुर्ची आणून दिली. मग ठाकूरवाडी आणि मंकी हिलला उतरत्या गाड्या ब्रेक तपासायला का थांबतात, हे मी हातवाऱ्यांनी समजावलं. एवढा मान मला खात्यात कधी मिळाला नाही.

आता खरेदी. आधी माझी फजिती. जुन्या मालाच्या टेबलावरून मी एक दणकट पॉवर पॅक, म्हणजे रुळांना वीज पुरवणारा डबा, स्वस्तात उचलला. घरी येऊन खालची पट्टी न वाचता तो भिंतीतल्या प्लगात खुपसला. तिकडचा पुरवठा १२० व्होल्टचा, आपला २३०. काही सेकंदांत करपलेल्या वार्निशचा वास. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना ‘आधी पट्टी वाचा’ सांगणाऱ्या माणसाची ही कथा, घरात अजून निघते. तेव्हा पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तरच घ्या. जुनं इंजिन घ्यायचं तर तिथल्या तिथे रुळावर चालवून बघा. बाकी रुळांच्या जोडपट्ट्या, कपलिंगं आणि चाकं-रूळ तपासायचं संस्थेचं धातूचं गेज आणा. खिशात मावतं आणि पुढची भांडणं वाचवतं.

डेक्कन क्वीनबद्दल मात्र तुमचं मन मोडणार आहे. एचओ म्हणजे सत्त्याऐंशीला एक. क्वीनला २०२२ पासून एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीचे लांब डबे आहेत. असा डबा साडेतेवीस मीटरचा, म्हणजे तुमच्या टेबलावर २७ सेंटिमीटर. सोळा डबे धरले तर सव्वाचार मीटरच्या वर, म्हणजे चौदा फूट. तुमची खोली बाराची. गाडी खोलीत शिरल्यावर तिचं गार्डचं टोक पॅसेजमध्ये राहील. वर्तुळात फिरवलीत तर एवढे लांब डबे अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर रुळाबाहेर ढुंगण काढून चालतात, बघवत नाही. आणखी एक खोच : बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा, कारण तो १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी केलेला. आपला ब्रॉडगेज १६७६. त्याला सव्वाएकोणीस लागतील. म्हणजे आपली गाडी त्या रुळावर जरा पाय जवळ घेऊन उभी राहणार. कुणी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा. मी तेच करतो.

माझं ऐकाल तर कर्जत स्टेशन करा, घाट चढायला गाडीला मागून बँकर लागतात ते. दहा फूट लांब, दोन फूट रुंद फळी भिंतीला लावा, दोन्ही टोकं पडद्याआड. पाच डबे, पुढे इंजिन, मागून येऊन लागणारे दोन बँकर, मिळून दोन मीटरच्या आसपास होतात. गाडी येते, थांबते, फलाटावर वडेवाले धावतात, मागे बँकर हळूच टेकतात, गाडी डोंगराकडे निघते. गोल फिरणारी गाडी दहा मिनिटांत कंटाळा आणते. बँकर न धडकवता लावणं मला अजून दर वेळी जमत नाही. आपल्या गाड्यांचे डबे तिकडच्या दुकानांत मिळायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून कापून करावे लागतील. पाटबंधाऱ्यातला माणूस, नकाशावरून मापं काढणं तुम्हाला शिकवायला नको.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, विजेवरची आगगाडी हवी म्हणून मागे लागलाय. खर्च करण्याआधी त्याला पुण्यात काही दाखवता येईल का? छोटी एन स्केलची घेतली तर जागा वाचेल?
— एक आई, वारजे

उत्तर : कर्वे रस्त्याजवळचं जोशी रेल्वे म्युझियम दाखवा. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभं केलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं. खेळ सुरू झाला की तुम्ही गाड्यांकडे पाहू नका, मुलाकडे पाहा. तो वेगाकडे बघतोय की सिग्नल आणि सांधे कसे बदलतात तिकडे? दुसरं असेल तर खर्च वाया जाणार नाही.

एन घेऊ नका. नऊ मिलिमीटरच्या रुळावर डबा चढवताना माझेच हात थरथरतात, मूल वैतागेल. एचओचा छोटा संच घ्या आणि दिवाळीत किल्ल्याच्या पायथ्याशी मांडू द्या. रूळ तेवढे मातीपासून दूर, फळीवर. हळिवाचं गवत उगवलं की खऱ्या घाटाला मागे सारतं. मावळे आणि आगगाडी एकत्र कसे, असं शेजारचे विचारतील. विचारू दे.

प्रश्न : बंद केलेल्या गॅलरीत लेआउट आहे. पावसाळ्यात रूळ मधेच उचलले जातात, गाडी घसरते.
— एक वाचक, पाषाण

उत्तर : तुमचं प्लायवूड फुगतंय. पुढच्या वेळी मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० छाप बघून, आणि रूळ टाकण्याआधी त्याला सगळीकडून रंग द्या. खालची बाजू आणि कापलेल्या कडासुद्धा, पाणी तिथूनच शिरतं. आत्तापुरतं जिथे रूळ उचलला गेलाय तिथला सांधा सोडवून पोस्टकार्डाच्या जाडीइतकी फट ठेवा. आणि गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी लेआउटच्या डोक्यावर असेल, तर ती आजच दुसरीकडे बांधा.